पीक बघायला आलेले सर

आमचे अर्थशास्त्राचे सर भरसभेत हात वर करत, तेव्हा अख्खं मैदान वळून पाहायचं. संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी लाठी खाल्ली होती, तरी परळच्या सभेत ते वक्त्यालाच विचारायचे, "या योजनांना पैसा कुठून आणणार?" मागून गिरणीकामगार ओरडायचे, "ओ सर, बसा की खाली! आधी मुंबई घेऊ, मग हिशेब!" सर हसत. "घेऊच रे. पण पुढे राज्य चालवायचंय ना?" सदा सरकारी तुटीचं बोलतात म्हणून कॉलेजात मुलं त्यांना 'तूटमहर्षी' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. दर गुरुवारी मला सरांच्या गिरगावातल्या बिऱ्हाडी जेवण असे. एकदा गावाहून थोरला भाऊ आला. शेत गहाण टाकून विहिरीवर इंजिन बसवायचं दादाच्या मनात होतं. "पण व्याज वाढलंय, सर. आमच्या गावात असं काय घडलं?"

सर त्याला थेट चाळीच्या नळावर घेऊन गेले. रांगेत सर्वांत पुढे एक भलंमोठं पिंप होतं.

"हे सरकार. खर्च जास्त, वसुली कमी, म्हणून बाजारातून कर्ज उचलतं. मग उरलेल्या धारेसाठी मागच्या कळश्यांची झोंबाझोंबी. तेच तुमचं वाढलेलं व्याज."

पिंपवाल्या काकू म्हणाल्या, "सर, लेक्चर वर द्या हो. पाणी जाईल!"

दादा थोडा विचार करून म्हणाला, "पण त्या पैशानं धरण झालं, तर पाणी आमच्याच शेतात येईल की."

"शाबास! म्हणून तर सभेत विचारतो. पण धरणाला वर्षं लागतील, हप्ता सुगीलाच दारात येईल. पाऊस चुकला तर शेत जाईल. यंदा थांबा."

दादा थांबला. त्याच वर्षी पाऊस चुकला. विहिरीत पाणी होतं, पण मोटेनं पुरं पडेना. कांदा उभा वाळला. मी सरांना सांगितलं मात्र, आणि त्या रविवारी सर एस.टी.नं आमच्या गावात हजर!

वाफ्यात उकिडवे बसून त्यांनी एक कांदा उपटला. मग म्हणाले, "इंजिन असतं तर हे वाचलं असतं. माझं चुकलं."

"पीक गेलं खरं, सर," दादा म्हणाला. "शेत आहे अजून. चला, भाकरी निवतेय."

राज्य झालं आणि पुढच्याच हिवाळ्यात सर गेले. दादा रातोरात निघून आला. चंदनवाडीच्या स्मशानापर्यंत खांदा देऊन बाहेर आल्यावर म्हणाला, "सल्ला देणारे पुष्कळ भेटतील रे. वाळलेलं पीक बघायला कोण येतंय?"