देवकलादिदींबरोबर सिंगापुरात

“एक सही केली की जमीन तिच्या नावावर होईल. उगाच ताणतेय.”

कॉफीच्या मशीनपाशी माझ्या पुढे उभे असलेले दोन पाहुणे इंग्रजीत बोलत होते. मी कप धरून मागे उभी होते. ‘ती’ म्हणजे देवकलादिदी. नेपाळच्या तराईतल्या एका गावातून त्या आल्या होत्या, वय पन्नाशीच्या आसपास. युद्धाच्या काळात गणवेशातली माणसं त्यांच्या नवऱ्याला घरातून घेऊन गेली. पुढे तह झाला, सरकारं बदलली, हरवलेल्यांचा शोध घ्यायला आयोगही नेमले गेले. नवऱ्याचं काय झालं, हे मात्र त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. तो मेला असं दिदी स्वतः लिहून देत नाहीत, म्हणून शेत अजून त्याच्याच नावावर आहे.

मी आदल्या दिवशी पुण्याहून आले होते. युद्धातून बाहेर पडणाऱ्या देशात न्याय कसा करायचा, या विषयावर बुकित तिमाहला परिषद होती आणि आमच्या छोट्या संस्थेने मला टिपणं घ्यायला पाठवलं होतं. टिपणं घेणाऱ्याने बोलायचं नसतं, त्यामुळे वकील असूनही हे काम मला आवडतं.

उतरले होते बेडोकला, मावशीच्या फ्लॅटवर. काका जहाजावर इंजिनिअर असल्यामुळे तिला बोलायला माणूस हवंच असतं.

“तुझी आई म्हणाली, हिला जरा बोलायची सवय लाव,” पोहे वाढता वाढता ती म्हणाली. “मी म्हटलं, परिषदेला आलीय पोरगी, स्थळ बघायला नाही.”

बेडोकहून बुकित तिमाह म्हणजे बेटाच्या एका अंगाकडून जवळजवळ दुसऱ्या अंगाला. एमआरटी मेट्रोमधून वर आले तर शहरच बदललेलं. बेडोकला खिडक्यांबाहेर बांबूच्या काठ्यांवर कपडे वाळत होते. इथे काँडोंच्या, म्हणजे महागड्या गृहसंकुलांच्या, उंच भिंती, शाळांच्या बस आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंनी वाकलेली मोठी झाडं. सभागृहात इतका गारवा की दिदी शालीवर शाल घेऊन बसल्या होत्या. भांगात सिंदूर, हातात लाल बांगड्या, गळ्यात पोते (लग्न झालेल्या बायकांची मण्यांची माळ).

दुपारी जेवायला सँडविच होती. त्यांना दिदींनी हातसुद्धा लावला नाही. म्हणून संध्याकाळी मी त्यांना बेडोकच्या हॉकर सेंटरला नेलं. एका छपराखाली ओळीने खाण्याचे गाळे, मधे टेबलं. मलाय बाईच्या गाळ्यावरून भात, मासा आणि काकडी घेऊन आम्ही एका रिकाम्या टेबलाशी बसलो. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट होतं. कुणी विसरलं असेल म्हणून मी ते बाजूला सरकवलं. तेवढ्यात ट्रे घेऊन एक चिनी आजी आल्या.

“एय गर्ल, टेबल चोप केलंय, लाह! टिश्यू दिसत नाही?”

चोप करणं (जागा धरून ठेवणं) इथे असंच चालतं, हे मावशीने मागाहून सांगितलं. मी सॉरीसुद्धा न म्हणता उठले. दिदी ताट सांभाळत हसत होत्या.

“वकील हो ना, बहिनी? एक टेबल नहीं बचा पाई!”

बहिनी म्हणजे धाकटी बहीण. दुसरीकडे बसल्यावर मी भीत भीत जमिनीबद्दल विचारलं.

“गाँव में कहते हैं, सफ़ेद पहन लो, खेत मिल जाएगा. सास कहती है, तू मान गई तो मेरा बेटा सचमुच मर जाएगा.” त्यांनी माशाचा काटा काढून कडेला ठेवला. “मैं पागल नहीं हूँ, बहिनी. इतने साल बाद कौन लौटता है? पर जो ले गए, वो बताएँ. कहाँ रखा, किसने मारा. मैं ही बोल दूँ, तो फिर उनसे कौन पूछेगा?”

माझ्या ताटातली काकडी मी त्यांच्या ताटात वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुई मिन कॉरिडॉरमध्ये भेटली. परिषदेची सगळी व्यवस्था तीच पाहत होती. प्रत्येक पाहुण्याला गरम पाणी मिळतंय का, हेसुद्धा. तिच्या हातात लिटल इंडियातून आणलेला मोगऱ्याचा आणि झेंडूचा जाड हार होता.

“छान आहे ना? दुकानातल्या अंकलनी स्पेशल करून दिला.”

सत्कारासाठी असेल, असं मला वाटलं. मी मान डोलावली.

दिदी सगळ्यांच्या शेवटी बोलल्या, थोडंच. त्यांच्या मागे स्टँडवर नवऱ्याचा मोठा केलेला फोटो होता, विशीतला मुलगा वाटावा असा. टाळ्या थांबल्यावर हुई मिन ट्रे घेऊन व्यासपीठावर गेली, हार दिदींच्या हातात दिला आणि अदबीने फोटोकडे हात केला.

“प्लीज, मॅडम.”

सगळे उठून उभे राहिले. कॉफीपाशी बोलणारे दोघेही मान खाली घालून उभे होते. फोटोग्राफर पुढे येऊन गुडघ्यावर बसला. दुपारपर्यंत हा फोटो परिषदेच्या पानावर जाणार, तिथून गावातल्या फोनवर, सासूच्या हातात. आणि जमिनीसाठी सही न करणाऱ्या बाईने हार घातलेला सगळ्यांना दिसणार.

काचेच्या खोलीतला नेपाळी दुभाषी माइकपाशी ताठ उभा होता. पण कुणी काही बोलतच नव्हतं. त्याने भाषांतर कशाचं करायचं? दिदींनी हुई मिनकडे पाहिलं. इतक्या मानाने दिलेली वस्तू परत कशी करायची, हे त्यांना कळत नसावं. भावना दाटून आल्या आहेत असं समजून सभागृह शांतपणे वाट पाहत होतं. दिदींनी फोटोकडे एक पाऊल टाकलं.

मी पुढे झाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

“फोटो काढू नका. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात. हा माणूस मेला की नाही, हे त्याला नेणाऱ्यांनी अजून सांगितलेलं नाही. ते त्यांनाच सांगू द्या. आपण ते यांच्याकडून वदवून घ्यायचं नाही.”