सुपडूला न केलेला फोन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. नोकरीत असताना गुप्ततेची शपथ आड यायची. निवृत्त होऊन धरणगावला परतलो, तरी तिच्याच आड लपत राहिलो. पण यात देशाचं गुपित ते काय? — हे माझं आहे.

परदेशात, वकिलातीत मी कारकून म्हणून बसायचो. खरं काम आपल्या हेरखात्याचं — माणसं हेरायची, त्यांच्याकडून माहिती काढायची. आणि मी कोणाला गाठलं? माझ्याच वर्गातल्या सुपडूला. तो तिथल्या एका सूतगिरणीत फिटर होता. गिरणीच्या गच्चीवरून लष्कराची धावपट्टी दिसायची. कोणती विमानं उतरली, एवढंच तो मला सांगायचा. काही झालं तर काय, असं त्याने एकदाच विचारलं. मी आहे ना, म्हणालो.

एका सकाळी मला वरून निरोप आला — तुझ्यावर संशय आहे, दुपारच्या विमानाने नीघ. सुपडूला सावध करायला एक फोन पुरे होता. नंबर पाठ होता. पण फोन कोणी ऐकत असलं तर? मलाच अडवलं तर? — हे तेव्हा वाटलं, की नंतर रचलं? घाबरलो, एवढं खरं. बॅग भरली. अहवालात लिहिलं — संपर्क होऊ शकला नाही.

त्याला त्याच संध्याकाळी तिथल्या पोलिसांनी गिरणीतूनच उचललं. सहा वर्षं तुरुंगात होता. मी सुट्टीत गावी आलो की त्याची बायको कमल विचारायची, "भाऊ, त्यासना काही पत्ता लागना का?" मी नुसती मान हलवायचो. पुढे तिने विचारणं सोडलं. माझ्याकडे बघणंही.

गेल्या वर्षी तो सुटून आला. डाव्या हाताची बोटं आता वळत नाहीत. मी भेटायला गेलो, तर कमल दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. सुपडूने खाटेवरूनच विचारलं, "तुले पहिलेच मालूम व्हतं का रे?"

हो म्हणायला काय लागत होतं?

"नाही," मी म्हणालो.

त्याने माझा चेहरा नीट न्याहाळला. मग कमलकडे वळून म्हणाला, "याले काहीच मालूम नव्हतं. ताट वाढ याले."

ती दारातून बाजूला झाली. भरीत-भाकरी वाढली. मी जेवलो. तिने पुन्हा वाढलं — तेही खाल्लं.