या, बसता!

फजिती माझी, तर मीच सांगते. शेजारची जमनाबाई सांगायला बसली तर तिखटमीठ लावून सांगेल!

आमची नात मनीषा मोबाइलवर स्पॅनिश शिकते. शिकवणारी बाई मेक्सिकोची, एलेना. एके दिवशी धडा होता रागाचा. मी चिकू पुसत ऐकत बसलेली. पोरगी आरशासमोर डोळे वटारून ओरडते, "एस्तोय एनोहादा!"

"म्हणजे गं काय?"

"मी रागावलेय, आजी. बाप्या असला तर एनोहादो. आणि त्यांच्यात 'आहे' दोन असतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गोष्टीला एस्तोय. राग जातो ना, म्हणून."

"आणि ज्याचा जातच नाही त्याला? माझ्या सासूबाईंना कुठलं 'आहे' लावायचं?"

"ते बाईंना विचारावं लागेल," म्हणाली, आणि पुन्हा आरशाकडे वळून ओरडली, "या बास्ता!"

नेमकी तेव्हाच जमनाबाई दारातून आली आणि खाटेवर टेकली. मी म्हटलं, अगं बाई, ही तर आपलीच भाषा! या, बसता? पाहुण्यांना तिकडेही असंच म्हणत असणार, जरा बोबडं. विचारून घेतलं का? छे! डोळ्यांनी पाहिलं होतं ना!

पुढे ती एलेनाबाई डहाणू बघायला आली. आमच्याकडे आशागडला जेवायला येणार! मनीषाने दोन दिवस घर घासून काढलं. "आजी, माझ्या बाईंना परकं वाटता कामा नये हं!"

बाई आली तेव्हा पोरगी मागे पापलेट तळत होती. दारात मी एकटी. हात जोडले, हसले आणि म्हटलं, "या बास्ता!"

बाई उंबऱ्यातच थबकली. ऐकू आलं नसेल म्हणून मी मोठ्याने म्हटलं. ती एक पाऊल मागे! मग हाताला धरून आणली, बसवली, चिकूचं ताट पुढे केलं. तिने एक उचलला. मी प्रेमाने, "या बास्ता!" तिने चिकू गुपचूप ठेवून दिला.

मग हळूच म्हणते, "एस्ता एनोहादा?"

एनोहादा! हे तर मला येत होतं. शेवटी 'दा', म्हणजे बाई रागावलेली. खोलीत बायका दोन. मी तर रागावले नव्हते. म्हणजे हीच रागावली! आता नातीला काय तोंड दाखवू? तेवढ्यात तिने पिशवी उचलली. मी दारात आडवी. "या बास्ता! या बास्ता!"

मनीषा हातात झारा घेऊन धावत आली. "आजी! अगं, 'पुरे झालं आता' म्हणून काय खेकसतेस बाईंवर!"

तिने सगळं समजावलं तेव्हा एलेनाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तीन पापलेटं खाल्ली. सासूबाईंचंही मी विचारून घेतलं. अशांना म्हणे एनोहोना म्हणतात, आणि दुसरं 'आहे' लावतात, कायमचं!

बाई गेली तरी मनीषाचं हसू थांबेना. आता मात्र मला राग आला, अस्सल. कमरेवर हात ठेवून गरजले, "या बास्ता!"

जमनाबाई दारातून आली आणि खाटेवर टेकली.

"बसते की, बाय. एवढं ओरडतेस कशाला? चहा टाक."