कुसैसची युनियन

सन २०२४, जूनचा दुसरा आठवडा. दुबईचा उन्हाळा असा, की थंड पाण्याच्या नळाखाली हात भाजत होता. हे साल आणि हा महिना मी विसरणार नाही. त्या आठवड्यात मी, चौथी पास माणसाने, युरोपच्या कारभारात हात घातला.

हसू नका. चहा घ्या, सांगतो.

मी अडुसष्ट वर्षांचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका लोणच्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माझ्या स्टोअरमधून आजवर बरणीचं झाकण इकडचं तिकडे झालेलं नाही. राहतो अल कुसैसला. खोलीत माझ्याबरोबर फ्रान्सिस. गोव्याचा, पन्नाशीचा, आमच्याच कारखान्यात मशीन दुरुस्त करतो. त्याच्याच गाडीतून मी कामावर जातो.

या फ्रान्सिसचं माझ्यावर ऋण होतं. करोनात मी चौदा दिवस खोलीत एकटा पडलो. तो मित्राकडे झोपायचा आणि रोज दाराबाहेर पेजेचं भांडं ठेवून जायचा. मी आभार मानले नाहीत. मला ते जमत नाही. पण लक्षात ठेवलं.

तर त्या आठवड्यात एकदा कॅन्टीनमध्ये जेवत होतो. मागच्या टेबलावर फ्रान्सिस आणि त्याचा चुलतभाऊ सावियो. डोक्यावर एक्झॉस्ट फॅन घोंघावतोय. माझा डावा कान जरा कमी. कमी म्हणजे कामापुरता ऐकतो.

फ्रान्सिस म्हणाला, "युनियन टिकली तर आपण टिकू."

सावियो म्हणाला, "कसली युनियन? सगळं तिकडे कुसैसमध्ये बसून ठरवतात. गरिबाला कोण विचारतो?"

"म्हणूनच रविवारी मत टाकायचं. बाहेर पडले त्यांचे हाल बघतोस ना?"

माझा घास हातातच राहिला.

तरुणपणी कोल्हापूरकडे एका कारखान्यात मी युनियनच्या मागे लागलो होतो. एका महिन्यात नोकरी गेली आणि मी आखातात आलो. इथे तर युनियनचं नाव काढायची सोय नाही. आणि हे दोघे भर कॅन्टीनमध्ये मतदान ठरवतात? तेही माझ्याच कुसैसमध्ये? व्हिसा रद्द होईल, घरी पाठवतील, पोरीचं लग्न व्हायचंय त्याच्या. माणसाने काय समजायचं, तुम्हीच सांगा.

संध्याकाळी मी कुसैसमध्ये फिरून युनियनचं ऑफिस शोधलं. लाँड्री, टायपिंग सेंटर, सलून. शेवटी कॅफेटेरियातल्या मल्याळी पोऱ्याला हळूच विचारलं, "इधर युनियन किधर है?"

तो मोठ्याने म्हणाला, "चाचा, मेट्रो की ग्रीन लाइन पकडो, सीधा युनियन उतरो."

"स्टेशन नहीं. युनियन."

"वही तो स्टेशन है, चाचा."

घामाने निथळत परत आलो.

मग ठरवलं, ऋण फेडायची हीच वेळ. याला रविवारी बाहेरच पडू द्यायचं नाही. शनिवारी खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि माझ्या चांगल्या पँटच्या खिशात ठेवली. दुसरी किल्ली गोव्याला त्याच्या बायकोकडे, हे मला माहीत होतं.

रविवारी दुपारी फ्रान्सिस किल्ली शोधू लागला. गाद्या उलटल्या, चपला झटकल्या. मी पेपर वाचत होतो.

"काका, चावी खंय गेली? मत द्यायला अबू धाबीला जायचंय. सात वाजता बंद होतं."

मी पेपर खाली ठेवला. "किल्ली मिळणार नाही. युनियनचा नाद सोड."

"कसली युनियन?"

"कामगारांची. कुसैसमध्ये बसून ठरवणारी."

 तो पलंगावर बसला आणि पोट धरून हसला. "ब्रुसेल्स, काका. ब्रुसेल्स. बेल्जियममधलं शहर."

ट्रंकेतून त्याने पासपोर्ट काढला. लाल दारूच्या रंगाचा, पोर्तुगालचा. आजोबा पोर्तुगीज अमलात जन्मले म्हणून मिळालेला. युरोपातल्या सत्तावीस देशांची युनियन, म्हणाला, आणि मत तिच्या संसदेसाठी; बाहेर पडले ते इंग्रज. एकमेकांच्या मालावर जकात नाही, बऱ्याच जणांची नोट एक, कुठेही जाऊन काम करा. पोरगी त्याच पासपोर्टवर आयर्लंडला नर्स आहे. युनियन मोडू बघणारे निवडून आले तर तिचं काय? सावियो म्हणतो, या एका बाजाराने छोटा माणूस मेला. म्हणून वाद.

मी विचारलं, "म्हणजे आपल्या मेससारखं? तेल-मीठ एकत्र, आणि भांडी कोणी घासायची यावर भांडण?"

"अगदी तसंच. आता चावी द्या."

मी दारामागे हात घातला. खिळ्यावर पँट नव्हती.

दर रविवारी सकाळी मी कपडे खाली लाँड्रीत देतो. वीस वर्षांची शिस्त. त्या दिवशीही दिले होते.

लाँड्री बंद. लाँड्रीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "इन्शाल्ला, पाँच मिनट." आता चाळीस वर्षं इथे काढलेल्या माणसाला ही पाच मिनिटं किती असतात ते कळायला नको? फ्रान्सिस म्हणाला टॅक्सी करू. मी म्हणालो, तीनशे दिरहम, म्हणजे सात हजार रुपये, कशाला? पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

लाँड्रीवाला साडेपाचला आला. किल्ली प्लास्टिकच्या पिशवीत घालून पँटला टाचलेली. पँटला कडक इस्त्री.

पोर्तुगालच्या वकिलातीच्या दारात पोचलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. पहारेकरी म्हणाला, "खलास."

फ्रान्सिसने गाडी वळवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. परतताना शेख झायेद रोडवर त्याने एवढंच विचारलं, "काका, सावियो सकाळीच मत देऊन आला. त्याला का नाही अडवलं?"

सावियोचं माझ्यावर काही ऋण नव्हतं. हे मी त्याला सांगितलं नाही.

पेजेचं ऋण होतंच, वर एका मताचं चढलं.

दीड वर्ष गेलं. २०२६च्या जानेवारीत पोर्तुगालच्या अध्यक्षाची निवडणूक आली. मत द्यायला पुन्हा अबू धाबी. मी पहाटे उठून पेज केली, थर्मासात भरली, फ्रान्सिसला उठवलं आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

दार उघडायच्या आधी तासभर आम्ही तिथे उभे होतो. तो आत गेला, बाहेर आला. मी त्याचं बोट धरून पाहिलं. शाई नव्हती.

"तिथे लावत नाहीत, काका. दिलं मत."

मी थर्मास उघडून दिला. त्याने उभ्यानेच सगळी पेज संपवली.

ऋण फिटलं.