शाहीन मॅडमची नोंद

सर्व्हर अडकला की आमच्या कारखान्यात सगळ्यांचा हात आधी बटणाकडे जायचा. बंद करा, चालू करा, मोकळे व्हा. शाहीन मॅडम मात्र खुर्ची ओढून बटणासमोरच बसायच्या. म्हणायच्या, "आधी त्याला काय होतंय ते सांगू द्या. मेल्यावर कुणी बोलत नाय."

मूळच्या सिल्लोडच्या. शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात संगणक विभागाच्या त्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. आवाज कधी चढवला नाही, पण एकदा 'नाय' म्हटलं की विषय संपला.

त्या वर्षी दुपारची पाळी सुरू झाली की अधूनमधून सर्व्हर बसायचा. बिलं निघेनात, भरलेले ट्रक फाटकात उभे. डिस्पॅचमधला करमाडचा कचरू जाधव मोठमोठे रिपोर्ट काढायचा, म्हणून खापर त्याच्यावर फुटलं. सगळ्या खात्यासमोर बोलणी खाऊन तो काम सोडून घरी बसला. त्यानंतरही सर्व्हर अडकला, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, त्याचीच सवय बाकीच्यांना लागली.

सर्व्हरच्या तब्येतीचे आकडे साठवणारा संग्रह आमच्याकडे होता. पण त्यात मशीनला दम लागलेला दिसायचा, कशानं लागला ते दिसायचं नाही. मॅडमनी एक छोटी कमांड शोधून काढली. ताण वाढला की त्या क्षणी कोणकोणते प्रोग्राम चालू आहेत, त्यांच्या यादीचा सगळा मजकूर जसाच्या तसा त्याच संग्रहात, त्या वेळेच्या आकड्यांशेजारी जाऊन बसायचा. व्यवस्थापकांना हे नसतं लचांड वाटलं. पुढच्या वेळी सर्व्हर अडकला की लगेच बंद करा, असं त्यांनी बजावलं. मॅडमनी नोंद होईपर्यंत थांबण्याची परवानगी मागितली, आणि मिळेपर्यंत त्यांच्या केबिनमधून हलल्या नाहीत.

आठवड्याच्या आतच सर्व्हर बसला. आम्ही दोघांनी नोंद उघडली. कचरू काढायचा तसलाच रिपोर्ट त्याच्या जागेवरचा माणूस काढत होता, पण तो रिपोर्ट कोपऱ्यात निमूट उभा होता. सगळी ताकद खात होता जुन्या फायली दाबून लहान करून ठेवणारा एक प्रोग्राम. तो मॅडमनी स्वतः लिहिलेला होता.

प्रोग्रामची वेळ गुपचूप बदलावी, प्रश्न मिटेल, असं मीच सुचवलं. त्या म्हणाल्या, "अन् कचरूभाऊचं काय?"

सगळ्या खात्याच्या बैठकीत त्यांनी नोंद भिंतीवर लावून दाखवली आणि चूक आपली असल्याचं सांगितलं. पुढच्या महिन्यात बाहेरच्या लोकांची मोठी तपासणी होती, त्यात ही चूक दिसली असती. तो मजकूर तेवढा काढून टाका, आकडे राहू द्या, असं व्यवस्थापकांनी सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "नाय सर. काढायचंच असेल तर मला काढा." नोंद राहिली. मॅडमची ठरलेली बढती मात्र त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली.

बैठकीच्याच दिवशी संध्याकाळी माझ्या गाडीवरून आम्ही करमाडला गेलो. कचरू दारात कापूस निवडत बसला होता, शेजारी त्याचे वडील. मॅडमनी वडिलांनाच आधी सलाम केला आणि म्हणाल्या, "काका, चूक माझी होती. तुमच्या पोरावर उगाच आळ आला. त्याला उद्यापासून कामावर पाठवा."

कचरू ओशाळला. म्हणाला, "मॅडम, फोन केला असता तरी लई होतं."

"बदनामी चारचौघांत झाली," मॅडम म्हणाल्या, "मग माफी फोनवर कशी मागू?"

म्हातारा उठला आणि त्यानं मॅडमसाठी बाज झटकून पुढे ओढली.