कवळी आणि अठ्ठ्याऐंशी कालवे

आमच्या आत्याला सगळी गल्ली कवळीबाई म्हणते आणि तिला त्याचा अभिमानच आहे. प्लास्टरच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या एका खोलीत ती तीस वर्षं कवळ्या बनवते. नवी कवळी बसवली की गिऱ्हाइकाला "चटईला टाचणी टोचली" म्हणायला लावते, तीनदा, भरभर. कवळी हलली नाही की काम फत्ते.

आमच्या गल्लीतल्या डच आजोबांची कवळीही यात पास झाली. चाळीस वर्षं इथे काढलेला माणूस, आपली भाषा माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतो. पण चार दिवसांनी ते परत आले. डच बोलायला लागलं की वरची कवळी सुटून खाली येत होती. त्यांच्या थोरल्या बहिणीला फोनवर एक अक्षर कळेना, आणि भाऊ भ्रमिष्ट झाला म्हणून ती तिकडे रडत बसली होती. तिला नव्वदावं लागलेलं.

"ती आहे तोवर मला तिच्याशी नीट बोलायचंय," आजोबा म्हणाले.

आत्याने ठरवलं, कवळी पाडणारा तो डच उच्चार आधी आपल्या तोंडात करून बघायचा. आजोबा लहानपणी बहिणीशी पैज लावून म्हणायचे ते वाक्य त्यांनी शिकवलं: आख्टन्टाख्टिख प्राख्टिखे ख्राख्टन. म्हणजे अठ्ठ्याऐंशी सुंदर कालवे. या पैजेत ते एकदाही जिंकले नव्हते. आत्या खडूतला ख काढायची आणि आजोबा मान हलवायचे. खडू नको, खाकरा, असं त्यांचं म्हणणं. मग आत्या भांडी घासताना, जिना चढताना खाकरत सुटली. आतोबांनी गुपचूप खोकल्याचं औषध आणून ठेवलं. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

गुरुवारी जमलं. त्या आवाजाला टाळूचा मागचा मऊ भाग थरथरतो, नेमका कवळीच्या कडेपाशी. पकड घट्ट बसावी म्हणून ती कड आत्यानेच जरा लांब ठेवली होती. चूक माझीच, असं सरळ कबूल करून तिने ती केसभर घासली.

रविवारी आत्याच्या खोलीतूनच फोन लावला. आजोबांनी हॅलोसुद्धा न म्हणता ते वाक्य तीनदा म्हटलं, एका दमात. कवळी जागची हलली नाही. मला इतका आनंद झाला की मीच टाळ्या वाजवल्या. पलीकडे बहीण खो खो हसायला लागली. मग तिनेही सुरुवात केली, आणि मध्येच खट्ट आवाज झाला.

आजोबांनी फोन छातीशी धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हरली. जन्मात पहिल्यांदा. तिची कवळी पडली."

आत्याने हात पुसले. "त्यांना म्हणावं, माप पाठवा."