मागची सीट नसलेली गाडी

चष्मेवाल्यांनी दुकान बंद केलं आणि गाडी घेतली, हे कळल्यावर सगळी गल्ली कौतुकाने बघायला आली. बघितल्यावर मात्र कुणाला काय बोलावं ते सुचेना. टेम्पोतून उतरवलेली ती गाडी ब्रिटिश होती, स्पोर्ट्‌स कार होती आणि कधीकाळी हिरवी होती. उंचीने एवढी कमी, की शेजारी उभं राहून आत बघताना विहिरीत डोकावल्यासारखं वाटावं. आत तर आनंदीआनंदच होता. सीटांचं चामडं आटलेल्या तळ्यासारखं तडकलेलं, दारांच्या आतले पुठ्ठे ओल खाऊन फुगलेले, गालिच्याने बुरशीबरोबर कायमचा संसार थाटलेला. शेजारच्या सीटच्या पोटात उंदरांचं घर होतं, तेही ऐसपैस.

"चालते का हो?" समोरच्या बँकवाल्यांनी विचारलं.

"चालते तर! इंजिन मेकॅनिकने ठणठणीत करून दिलंय. फक्त आत बसता येत नाही."

"मग थोडक्यात बचावलात म्हणायचं."

चष्मेवाल्यांच्या बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली.

"अहो, हिची मागची सीट कुठंय?"

"नाहीये."

"उंदरांनी खाल्ली?"

"नव्हतीच कधी. ही दोघांचीच गाडी असते."

"आणि आपण तिघं," असं म्हणून ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

तिसऱ्या म्हणजे चष्मेवाल्यांच्या आई. वय झालेलं, पण कान आणि जीभ दोन्ही नव्यासारखी. लग्नानंतर पहिल्यांदा तिघं गाडीतून बाहेर पडले तेव्हा मागे बसलेल्या आईंना मळमळलं. गाडी थांबवून त्यांना पुढे घेतलं, सूनबाई मागे गेली, आणि ती व्यवस्था तिथेच घट्ट झाली. पुढे गाड्या बदलल्या, मुलगी झाली, मोठी झाली, नोकरीसाठी दूर गेली. आई पुढे आणि सूनबाई मागे, यात बदल झाला नाही. मागच्या सीटवर ती आधी पिशव्या सांभाळायची, मग मूल आणि पिशव्या, मग पुन्हा नुसत्या पिशव्या.

याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तिचीही नव्हती आणि खरं सांगायचं तर चष्मेवाल्यांच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. लक्षात आलं ते गेल्या वर्षी. आईंचा पाय मुरगळलेला म्हणून दोघंच एका लग्नाला निघाले. चष्मेवाल्यांनी मोठ्या ऐटीत पुढचं दार उघडून धरलं, तोवर बायको मागचं दार उघडून, मांडीवर पर्स घेऊन बसूनही मोकळी झाली होती.

"अगं, पुढे ये ना."

"असू द्या हो. मला इथली सवय आहे."

वाटेत पेट्रोल भरलं. पंपावरच्या माणसाने चष्मेवाल्यांच्या डोक्यावरून बघत मागच्या काचेवर टकटक केली आणि अदबीने विचारलं, "मॅडम, पावती तुम्हाला देऊ की ड्रायव्हरकडे?"

ती इतकी हसली की लग्नघरी पोचल्यावर दम लागून तिला आधी पाणी प्यावं लागलं. जो भेटेल त्याला तिने हा किस्सा सांगितला. चष्मेवालेही प्रत्येक वेळी हसले. पण जन्मभर लोकांना जवळचं आणि लांबचं दाखवलेल्या माणसाला आपल्या पाठीमागे काय चाललंय ते दिसलं नव्हतं, हे त्यांच्या मनाला लागलं ते लागलंच. 'उद्यापासून तू पुढे बस' एवढं म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की बायको आईंकडे बघणार, आई खिडकीबाहेर बघणार, मग आपण कुणाकडे बघायचं? दुसऱ्या कुणी धीर करून ते वाक्य बोलून टाकलं असतं. यांनी मागची सीटच नसलेली गाडी आणली.

काम घरातच सुरू झालं. सीटा जेवणाच्या टेबलावर आणि जेवणारे भिंतीला टेकून खाली, असे काही महिने गेले. जुन्या सीटांची कव्हरं उसवून, प्रत्येक तुकडा सपाट करून, त्यावरून कागद कापायचे आणि त्या कागदांवरून नवं चामडं बेतायचं. हे चष्मेवाल्यांना जमण्यासारखं होतं. काचा फ्रेममध्ये बसवणाऱ्या हाताला चूक सहन होत नाही. तरीही पहिल्याच आठवड्यात फटका बसला. सीटच्या पाठीच्या दोन कडा कापून झाल्या आणि काही केल्या एक कड जागेवर बसेना.

बायकोने दोन्ही तुकडे उचलून शेजारी शेजारी धरले. "दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्यात. दुसरीला कागद उलटा नको ठेवायला?"

"चष्म्याला दोन्हीकडे सारखंच असतं," ते पुटपुटले.

"चामड्याला एकच तोंड असतं. सरका."

त्या दिवसापासून शिलाई तिच्याकडे गेली. मशीनला जाड सुई लावून ती कडेचा गोट असा सरळ मारायची, की चष्मेवाले भिंग लावून बघायचे आणि काही न बोलता परत जायचे. घरातल्या बाकी वस्तूंचे मात्र हाल झाले. डिंक वाळेपर्यंत पुठ्ठ्यांच्या कडा दाबून धरायला सगळे चिमटे गेले, त्यामुळे दोरीवरचे कपडे वाऱ्याबरोबर बँकवाल्यांकडे जाऊ लागले. इस्त्रीची वाफ चामड्याच्या सुरकुत्यांवर खर्च होऊ लागली आणि चष्मेवाल्यांचे शर्ट चुरगळलेले राहिले.

शेजारच्या सीटचा फोम त्यांनी तीनदा बदलला. बायकोचे गुडघे दुखतात. फार मऊ झाला तर ती रुतेल, फार कडक झाला तर पाठ भरून येईल.

"जरा बसून बघ."

"मी कशाला? आईंना बसवा."

"तू बस ना."

ती मटारची परात घेऊन सीटवर बसली. दाणे सोलता सोलता तिचा डोळा लागला. चष्मेवाल्यांनी परात अलगद उचलली, बाकीचे मटार स्वतः सोलले आणि फोम ठरला.

हे आईंनी आपल्या खोलीच्या दारातून पाहिलं. नंतर जवळ येऊन सीट काठीने दाबत त्या म्हणाल्या, "अरे, माझ्या कमरेला हे मऊ पडेल."

चष्मेवाल्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे उत्तर देणं शक्य नव्हतं. त्या नसत्या तरी दिलं नसतं.

सगळं बसवून झालं त्या रविवारी सकाळीच छप्पर मागे दुमडून गाडी फाटकाबाहेर उभी केली. आत डॅशबोर्डची लाकडी पट्टी चकाकत होती, नव्या चामड्याचा वास येत होता. बँकवाले आपल्या फाटकात येऊन उभे राहिले. आणि ठेवणीतली शाल घेऊन, काठी टेकत आई बाहेर आल्या. त्यांच्या मागून बायको आली, हातात आईंची पर्स, पाण्याची बाटली आणि छत्री.

"उघड रे दार," आई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. ती फिरवायची, आई बसणार, आणि ही फाटकात उभी राहून हात हलवणार. मागे तरी होती. आता तेही नाही. एवढी खटपट करून आपण तिला गाडीतून पार बाहेरच काढलं, हे त्यांना तेव्हा उमगलं.

"आई," ते म्हणाले, "आज तू नाही."

"का? जड झाले मी?"

"ही सीट तिची आहे."

"माझी?" बायको घाबरलीच. "माझी कुठून आली? आईंशी काय असं बोलता! बसा हो आई तुम्ही."

"आई, तुला उद्या नेतो, परवा नेतो, म्हणशील तिथं नेतो. पण पहिल्यांदा हीच बसणार." वाक्य एकदाचं पूर्ण झालं. बँकवाल्यांना एकदम घरात काहीतरी काम आठवलं.

आईंनी काठीवर वाकून सीटकडे बघितलं.

"मला मळमळायचं म्हणून मी पुढे बसायचे."

"माहितीये, आई."

"ते त्या एकदाच झालं होतं. पुन्हा कधी नाही." त्यांनी शाल सारखी केली. "पण नंतर मला कुणी ऊठ म्हणालंच नाही."

मग आईंनी हात पुढे केला. "सूनबाई, ते सगळं इकडे दे. आणि बस आता, ऊन चढतंय. याने केलेलं काही टिकत नाही, मोडायच्या आत फिरून या."

बायको कशीबशी वाकून, एक हात चष्मेवाल्यांच्या खांद्यावर टाकून आत उतरली. बसल्यावर तिने पाठ टेकली नाही. समोर काच होती, काचेपलीकडे लांबलचक बॉनेट आणि मग थेट रस्ता. मध्ये कुणाचंच डोकं नव्हतं. चष्मेवाल्यांनी गाडी सुरू केली. तिचे दोन्ही हात मांडीवर रिकामे पडले होते. तिने ते उचलले, पुन्हा ठेवले.

"अहो, मी काय धरू?"

"काही नको."

"काहीच नको?"

चौक आला. वाहनं कुठून कुठून येत होती आणि चष्मेवाल्यांच्या कपाळावर घाम होता.

"तुझ्या बाजूला बघ फक्त," ते म्हणाले. "मला तिकडचं नीट दिसत नाही."

"चष्मेवाले असून?" ती हसली. मग मान वळवून तिने डावा रस्ता नीट निरखला आणि नकळत पाठ टेकली.

"या... या... थांबा, सायकल आहे. जाऊ द्या तिला. हं, आता या."